डेकची तुलना करायला बसताय? मग आधी डेक फिरवायचं ठरवा

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात एल्फ भारी का गॉब्लिन, का झोंबी का ड्रॅगन, म्हणजे कुठल्या जमातीचा डेक (पत्त्यांचा संच) भारी, हा वाद आमच्या जुळे सोलापूरच्या ग्रुपमध्ये कायमचा. मागच्या वेळी तो मिटवायला आख्खा रविवार खेळलो आणि हातात काही आलं नाही, कारण ज्याचा डेक त्याच्याच हातात राहिला. झोंबी जिंकत गेले आणि सगळे म्हणाले झोंबी भारी. अरे, तो पोरगा कुठलाही डेक दिला तरी जिंकतो बे! म्हणून सगळ्यात आधी हे ठरवून घ्या, डेक फिरवायचे.

कसं, तर माणसं खुर्चीवरनं हलवायची नाहीत, प्रत्येक डावानंतर डेक एक खुर्ची पुढं सरकवायचे आणि सुरुवात कायम एकाच खुर्चीपासनं. चार डावात प्रत्येक डेक प्रत्येकाच्या हातात जातो, आणि प्रत्येक डेकला पहिली पाळी एकदा मिळते. पहिल्या खुर्चीवाल्याचा फायदा होतो, होऊ दे, आपल्याला डेक मोजायचाय, माणूस नाही.

आम्ही खेळतो तो प्रकार कमांडर, म्हणजे प्रत्येक डेकला एक म्होरक्या कार्ड: १०० कार्ड, ४० लाइफ, पहिलं मुलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) फुकट, हे सगळ्यांना माहितीय. सोल रिंग, म्हणजे दर टर्नला जादा मना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) देणारं स्वस्त कार्ड, मात्र एक तर चारही डेकमध्ये ठेवा नाहीतर चारही डेकमधनं काढा. एकाच्या हातात ती पहिल्या टर्नला आली आणि बाकीच्या डेकमध्ये नसलीच तर त्या डावाचा उपयोग शून्य.

आता बोर्ड वाइप, म्हणजे टेबलावरचे सगळे क्रीचर (लढणारी कार्डं) एकदम साफ करणारं कार्ड, इथं जरा वेळ द्या, कारण जमातीच्या डेकचा खरा कस इथंच लागतो. गॉब्लिनचा कमांडर क्रेन्को एकटा असला तरी टॅप करत (कार्ड आडवं करून वापरत) गेला की गॉब्लिन दोन, मग चार, मग आठ होतात, आणि समोर कुणाकडं वाइप नसेल तर तो जिंकणारच, त्यात काय सिद्ध झालं? एल्फच्या लॅथ्रिलला दहा एल्फ टॅप करून समोरच्या प्रत्येकाचे १० लाइफ काढता येतात, पण दहा एल्फ टिकले तर. झोंब्यांच्या विल्हेल्टचं उलटं, झोंबी मेला की त्याच्या जागी २/२ चं (ताकद २, टिकाव २) टोकन, म्हणजे जादा क्रीचर, येतं, वाइपमध्ये विल्हेल्ट स्वतः मेला तरी येतात, फक्त ती टोकनं ब्लॉक करत नाहीत आणि एकदा हल्ला केला की संपतात. उर-ड्रॅगन ९ मनाचा, तो टेबलावर यायची वाट बघू नका, कमांड झोनमधनंच (कमांडर बाजूला ठेवायची जागा) तो बाकीचे ड्रॅगन १ मनानं स्वस्त करतो, डेकची ताकद तिथं आहे. म्हणून चारही डेकमध्ये वाइपची संख्या सारखी ठेवा. लाल रंग असलेल्या दोघांना ब्लॅस्फेमस ॲक्ट, उरलेल्या काळ्यावाल्या दोघांना टॉक्सिक डेल्यूज, दोन्ही वाइपच. ब्लॅस्फेमस ॲक्ट टेबलावरच्या प्रत्येक क्रीचरमागं १ मनानं स्वस्त होतो, गॉब्लिननं टेबल भरलेलं असलं की एका लाल मनात सगळं साफ. वाइप नसलेल्या टेबलावरचा निकाल मला दाखवू नका.

आणि डेक फिरवायचे! "माझ्या महागाच्या कार्डांना दुसऱ्याचा हात नको" असं कुणीतरी म्हणणारच. मग त्या कार्डांच्या प्रॉक्सी करा, झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढा आणि साध्या कार्डापुढं ठेवून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिक पाकिटात) घाला. स्लीव्ह्ज चारही डेकला नव्या, पार्सल यायला वेळ लागतो, आधीच मागवा. दुसऱ्याचा डेक पहिल्यांदा हातात आला की माणूस चुकतो, म्हणून आदल्या आठवड्यात प्रत्येकानं चारही डेकची यादी वाचून यायचं, निदान कमांडर काय करतो तेवढं तरी.

दिवस ठरवताना गड्ड्याची यात्रा टाळा, जानेवारीत कोण वेळेवर येत नाही. एक डाव दीड-दोन तास खातो, चार डाव म्हणजे सकाळी बसायला पाहिजे. मे महिन्यात नकोच, पंखा लावला तर टोकनं उडतात, बंद केला तर घामानं स्लीव्ह्ज चिकटतात. टेबलावर सोलापुरी चादर टाका, कार्ड सरकत नाही आणि उचलायला सोपं जातं. शेंगाचटणी-भाकरी खायची तर डाव संपल्यावर, हात धुऊन.

वहीत फक्त कोण जिंकला एवढं लिहू नका. पहिला वाइप कितव्या टर्नला पडला, त्यानंतर कोण सावरला, सगळे मिळून आधी कुणावर तुटून पडले. चौघांच्या डावात पुढं दिसणाऱ्यालाच सगळे हाणतात, गॉब्लिन लौकर दिसतात म्हणून मार खातात, ते वहीत नसेल तर गॉब्लिन कच्चे वाटतील.

बाकी पटापट: कमांडर परत काढताना दर वेळी २ मना जास्त, मोजायला एक फासा ठेवा. एकाच कमांडरच्या हातनं लढाईत २१ डॅमेज झालं की बाहेर, त्याचा हिशोब वेगळा लिहा. बाहेर पडलेल्यानं सल्ले द्यायचे नाहीत. डाव संपला की कार्ड नीट पिसा, मग डेक पुढच्या खुर्चीला द्या. लगेच द्या, "अजून एक डाव माझ्याकडंच राहू दे" ऐकायचं नाही. चारही डाव झाल्याशिवाय एकही कार्ड बदलायचं नाही, बदललं तर वहीत नवं पान.