सॉफ्टबॉलच्या पंचांनो, स्ट्राइक झोन ठरवताना या चुका टाळा

शालेय किंवा जिल्हा पातळीच्या सामन्यात पंच आणि कोचची जुंपते ती बहुतेक वेळा एकाच कारणावरून: पंचाने कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्याचा, ग्लोव्ह बघून निर्णय दिलेला असतो. स्ट्राइक झोन म्हणजे होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या) वरची ठरावीक उंचीची जागा: बॅटरने न मारलेला चेंडू त्यातून गेला तर ‘स्ट्राइक’, नाही तर ‘बॉल’. चेंडू प्लेटवरून कुठून गेला ते बघायचं. कॅचरने तो कुठे पकडला याच्याशी पंचाला देणंघेणं नाही.

ड्रॉप बॉल बघा. प्लेटवर तो गुडघ्याच्या वर असतो आणि ग्लोव्हपर्यंत जाताना पार जमिनीलगत येतो. नवखा पंच लगेच ‘बॉल’ देतो आणि पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) सगळ्यात चांगला चेंडू वाया जातो. शिवाय हुशार कॅचर बाहेरचा चेंडू पकडता पकडता ग्लोव्ह हळूच आत ओढतो, तिथेही पंच फसतो.

यावर उपाय जागेचा. कॅचरच्या नेमकं मागे उभं राहिलात तर त्याच्या हेल्मेटमुळे खालचा झोन दिसतच नाही. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत या, हनुवटी साधारण झोनच्या वरच्या कडेला ठेवा आणि चेंडू सुटायच्या आत स्थिर व्हा. मान हलवू नका, नुसते डोळे चेंडूमागे जाऊ द्या. 43 फुटांवरून ताशी 90 किलोमीटरने आलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर असतो. तरीही हात वर करायची घाई नको. चेंडू पकडला जाऊ द्या, जे पाहिलं ते मनात एकदा ताडा, मग बोला.

रुंदीतही गल्लत होते. प्लेट 17 इंच रुंद, पण चेंडूची नुसती कड प्लेटवरून गेली तरी पुरते. 12 इंच घेराचा चेंडू जवळपास पावणेचार इंच जाड असतो. म्हणजे दोन्ही बाजू धरून पंचाला 24 इंचांहून थोडा जास्त पट्टा बघायचा असतो. बाहेरचा खालचा कोपरा फटीतून सर्वांत लांब पडतो, म्हणून तिथले स्ट्राइक सर्रास हुकतात.

उंचीसाठी फास्ट पिचमधली (वेगवान चेंडूफेकीच्या सॉफ्टबॉलमधली) रूढ हद्द काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. अमेरिकन कॉलेज सामन्यांचे व्हिडिओ बघून शिकत असाल तर जपून, तिथे वरची हद्द छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला धरतात. स्पर्धेचं नियमपुस्तक आधी बघा. बॅटर मुद्दाम वाकून बसला म्हणून झोन आक्रसत नाही, त्याची नेहमीची उभं राहायची ढब धरायची. तो बॉक्समध्ये (बॅटरसाठी आखलेल्या चौकटीत) पुढे सरकला तरी झोन प्लेटवरच राहतो.

झोनमधला चेंडू बॅटरला लागला तर? स्ट्राइक, आणि चेंडू लागल्याबद्दल मिळणारा फुकटचा बेस नाही. हे ऐकून प्रेक्षक हमखास ओरडतात, ओरडू द्या.

चुकीची भरपाई म्हणून पुढचा चेंडू ‘देऊन टाकणं’ मात्र सर्वांत वाईट, कारण मग दोन्ही संघ बिथरतात.

सरावासाठी सामनाच हवा असं नाही. पिचर वॉर्मअप करत असताना परवानगी आणि मास्क घेऊन कॅचरमागे उभे राहा आणि एकेक चेंडू मनातल्या मनात ठरवत जा.