चौथी-पाचवीचं गणित घरी: उदाहरणं चार, पण ताळ्यासकट

चौथी-पाचवीत गणित अडतं ते दरवेळी सराव कमी पडल्यामुळे नव्हे. पुष्कळदा मूल एकच चूक प्रत्येक उदाहरणात अगदी नियमाने करत असतं. अशा मुलाला रोज वीस वजाबाक्या घातल्या तर ती चूकच पक्की होते. म्हणून घरी उदाहरणं कमी घ्यावीत आणि उरलेला वेळ चूक नेमकी कुठे होते हे शोधायला द्यावा.

चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक. डाव्या पानावर उदाहरण, उजवं पान ताळा आणि दुरुस्तीसाठी मोकळं. खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेल्यावर एक आडवी रेघ पुरते, कारण खोडलेली चूक नंतर वाचता येत नाही. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस: पाच मिनिटं पाढे, दहा मिनिटांत चार उदाहरणं, पाच मिनिटं ताळा. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाढे उलटसुलट

सातचा पाढा घडाघडा म्हणणारं मूल ‘सात आठे किती?’ विचारल्यावर ‘सात एके सात’पासून सुरू करतं. भागाकार करताना हीच अडचण येते. खरे अवघड गुणाकार थोडेच आहेत: ६ ते ९ या अंकांचे आपसातले, ६×६ पासून ९×९ पर्यंत, सगळे मिळून १०. त्यांची १० कार्डं करा, पुढे ७×८, मागे ५६. कार्डं पिसून विचारा. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते सांगून टाका आणि कार्ड गठ्ठ्यात तीन कार्डांखाली सरकवा, म्हणजे ते लवकरच परत येईल. चार दिवसांनी कार्डं उलटी धरा: ‘५६ कोणाकोणाचे?’

वजाबाकी: चुकीचं उत्तरच कारण सांगतं

५००३ − १६७८ हे उदाहरण द्या. बरोबर उत्तर ३३२५. उत्तर ४६७५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर-खाली न पाहता. ३४३५ आलं, तर त्याने ५ मधून उसना घेतला, पण दोन्ही शून्यांचे दहा करून तसेच ठेवले. पुढच्या घराला एक दिल्यावर नऊ उरतात हे सुटलं. पहिल्या मुलाला १०००, १००, १० आणि १ लिहिलेले कागदी तुकडे देऊन सुटे करायला लावा. दुसऱ्याला एवढंच दाखवा, की ५००३ म्हणजे ५०० दशक आणि ३ एकक. एक दशक सुटा केला की राहतात ४९९ दशक आणि १३ एकक.

इथे पालकांकडूनही गोंधळ होतो. काही जण लहानपणी वरच्या अंकात दहा मिळवून खालच्या पुढच्या अंकात एक वाढवायला शिकलेले असतात. ती रीत बरोबरच आहे. पण शाळेत दशक सुटा करायला शिकवलं असेल, तर मूल दोन्ही रीती एकदम वापरतं आणि ५२ − ३८ चं उत्तर १४ ऐवजी ४ आणतं. शाळेची रीत आधी मुलाकडून समजून घ्या आणि तीच चालू ठेवा.

गुणाकार-भागाकार: आधी अंदाज

४७ × ३६ मध्ये दुसऱ्या ओळीचं शून्य विसरलं की २८२ + १४१ = ४२३ येतं. ८२४ ÷ ४ मध्ये मधल्या २ ला ४ चा भाग जात नाही, तिथे शून्य लिहायचं राहतं आणि २०६ चे २६ होतात. दोन्हींवर इलाज एकच: उदाहरण सुरू करण्याआधी अंदाज कोपऱ्यात लिहायचा. ५० × ३६ = १८००, म्हणजे ४२३ असणं शक्यच नाही. ८०० ÷ ४ = २००, म्हणजे २६ चुकलं. (बरोबर गुणाकार १६९२.) शेवटी ताळा: वजाबाकीला बेरजेचा, भागाकाराला भाजक × भागाकार + बाकी = भाज्य असा. ताळा मुलानेच करायचा, तुम्ही नाही. उत्तर तपासून देणारं मोठं माणूस शेजारी असलं की मूल स्वतः तपासणं सोडून देतं.

अपूर्णांकाला जास्त दिवस द्या

इथे घाई करू नये, कारण इथली कच्ची समज पुढे दशांश आणि शेकडेवारीत नडते. जाड कागदाच्या २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद अशा सहा पट्ट्या कापा. २४ का, तर त्याचे पुष्कळ सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात: अर्धा १२, तिसरा ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३. एक पट्टी अख्खी ठेवा, बाकीच्यांचे असे तुकडे करा.

‘१/८ मोठा की १/६?’ विचारल्यावर ‘आठ मोठे’ म्हणून १/८ सांगणारी मुलं पुष्कळ असतात. वाद न घालता दोन तुकडे शेजारी ठेवायला सांगा. मग १/२ + १/३. मूल अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहितं. विचारा, ‘अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, तर अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?’ नंतर १२ आणि ८ सेंटिमीटरचे तुकडे जोडून त्यांवर ४ सेंटिमीटरचे तुकडे मांडा: पहिल्यावर तीन, दुसऱ्यावर दोन, म्हणजे ५/६. समच्छेद का करायचा हे हातांनी कळल्याशिवाय त्याची रीत पाठ करून घेऊ नका. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तर घरात रोजचेच आहेत. दीड लिटर दूध प्रत्येकी पाव लिटरच्या किती ग्लासांत जाईल, हे ओट्यापाशीच विचारता येतं. मूल सेमी इंग्रजीत असेल तर अंश-छेदाबरोबर न्यूमरेटर-डिनॉमिनेटर हेही शब्द बोलण्यात येऊ द्या.

शाब्दिक उदाहरणं आणि वेळ

‘जास्त म्हणजे बेरीज’ असले ठोकताळे देऊ नका. ‘रियाकडे ३५ रुपये आहेत, ते अमोलपेक्षा १२ ने जास्त आहेत; अमोलकडे किती?’ यात ‘जास्त’ आहे, पण उत्तर २३. त्यापेक्षा गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, आकडे न घेता. भागाकारात उरलेल्या बाकीचं काय करायचं हेही गोष्टच ठरवते: १५० मुलांना ४२ आसनांच्या बस ४ लागतात, पण १५० रुपयांत ४२ रुपयांच्या वह्या ३ च येतात.

वेळेत मुलं १३:२० मधून १०:४५ वजा करून २ तास ७५ मिनिटं लिहितात, तासाला शंभर मिनिटं धरून. वहीत वेळेची रेघ काढून तिच्यावर बोटाने उड्या मारायला लावा: ११ पर्यंत १५ मिनिटं, १ पर्यंत २ तास, पुढे २०, एकूण २ तास ३५ मिनिटं.

बोलताना ‘हे कसं केलंस?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलात तर प्रश्न ऐकूनच मूल उत्तर बदलायला लागतं. दुरुस्त झालेल्या चुकीचं एक नवं उदाहरण तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी पुन्हा द्या. तीन आठवड्यांनंतरही तीच चूक होत असेल, तर उजवी पानं घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. ‘गणित कच्चं आहे’ असं मोघम न सांगता ती पानं दाखवली, की कुठून परत शिकवायचं हे त्यांना लगेच दिसतं.