आधी लाइट विचारा

साताऱ्यात सहा वर्षं नवऱ्या नटवल्या. पहाटे चारला उठून नवरी, आई, दोन मावश्या आणि करवली उरकायची सवय होती. त्यामुळे पुण्यातल्या एका पोर्ट्रेट स्टुडिओत पहिलं काम मिळालं तेव्हा वाटलं, यात काय, एकच तर चेहरा.

काम होतं लग्नाच्या बायोडेटाच्या फोटोचं. मुलगी सावळी, नाकीडोळी रेखीव. आई शेजारीच बसलेली. "जरा उजळ दिसू दे हो." मी ऐकलं. दोन शेड उजळ बेस लावला, वरून एचडी पावडर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी मिळते ती अगदी बारीक पावडर, थापली. आरशात झकास दिसत होतं. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनं एक टेस्ट शॉट घेतला आणि स्क्रीनवर पाहिलं तर डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे पट्टे, पिठाच्या हातानं तोंड पुसल्यासारखे. मान तर दुसऱ्याच कुणाची वाटत होती. चेहरा धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फोटोग्राफर काही बोलला नाही, फक्त दोनदा घड्याळ बघितलं.

या पांढरेपणाला आमच्याकडे फ्लॅशबॅक म्हणतात. एचडी पावडरीत बहुतेक वेळा सिलिका असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण फ्लॅशचा उजेड ती परत फेकते. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडही तेच करतं. फ्लॅश लेन्सच्या जवळ असेल तर सगळ्यात जास्त, बाजूला मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, लाइटवर लावायची कापडी पेटी) असेल तर बराच कमी. म्हणून आता समोरचं माणूस खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न, "घरून काय लावून आलात?" आणि त्याच्याही आधी फोटोग्राफरला, "लाइट कुठून?"

हा लाइटचा प्रश्न कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, निदान मला तरी शिकवला नव्हता. समोरून सपाट लाइट असेल तर चेहऱ्याचे उंचसखल भाग पुसले जातात, तिथे ब्लश आणि काँटूर (गडद छटेनं काढलेली गालाखालची सावली) आरशात थोडे जास्तच वाटतील इतके हवेत. लाइट एका बाजूनं असेल तर गालाची सावली तोच पाडतो. त्यावर तुम्ही पुन्हा काँटूर केलंत तर माणूस आजारी दिसतो. शिमर फ्लॅशखाली घामासारखं चमकतं. चकचकीत टिकलीचंही तेच, मॅट टिकलीचं पाकीट किटमध्ये ठेवा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट होणार असेल तर लिपस्टिकचा रंग विसरा, ती किती गडद आहे तेवढंच उरतं. मोबाइल मोनो मोडवर टाकून एकदा बघून घ्या.

मेकअप रूममधले पिवळे बल्ब हा आणखी एक ताप. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. ते असतात तीन हजार केल्विनच्या आसपास आणि स्टुडिओचा फ्लॅश साडेपाच हजारांच्या. पिवळ्या उजेडात जुळलेली शेड फ्लॅशखाली वेगळीच निघते. मी खुर्ची खिडकीजवळ ओढते, आणि शेड मनगटावर नाही, जबड्याखाली मानेपर्यंत ओढून बघते. आपल्याकडच्या डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट उजळ कन्सीलर लावला की राखाडी दिसतं, आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्या.

ऑफिसच्या फोटोंसाठी येणारे पुरुष "मला मेकअप नको" म्हणतातच. वाद घालू नका. टिश्यूनं कपाळ टिपायचं, टकलावर ट्रान्सल्यूसंट, म्हणजे बिनरंगी पावडरीचा एक हलका हात, ओठांना बाम. दर आठ-दहा शॉट्सनंतर पुन्हा टिपायचं. मेकअप संपला म्हणून मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या मुली मला अजिबात चालत नाहीत. खरं काम मॉनिटरशेजारी उभं राहून होतं.

सिनेमाचं विचारणाऱ्या मुलींना एक सांगते. मुंबईच्या सिनेमाव्यवसायात बाईला युनियनचं मेकअप आर्टिस्टचं सभासद-कार्ड मिळत नसे, हेअरड्रेसरचंच मिळायचं. ही बंदी सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2014 मध्ये उठवली, म्हणजे अगदी काल-परवा. पोर्ट्रेट स्टुडिओत कार्ड कुणी विचारत नाही. विचारतात ते ब्रश धुतलेत का, मस्काऱ्याची कांडी प्रत्येकाला नवी आहे का. तेवढं सांभाळा. आणि "पोर्टफोलिओसाठी फुकट कर" हे दोन-तीन वेळाच ऐका.

एक चूक मात्र लाइटची नव्हती. पंचाहत्तरीच्या फोटोसाठी एक आजी आल्या होत्या, नातवानं आणलेल्या. डाग झाकायची सवय हाताला लागलेली, त्या ओघात मी त्यांच्या कपाळावरचं हिरवट गोंदणही कन्सीलरखाली घालवलं. सफाईदार झालं होतं काम, मी स्वतःवरच खूश. पहिला शॉट मॉनिटरवर आला. आजी पुढे झुकून बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं, माझं गोंदण कुठं गेलं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पदराचं टोक जिभेला लावलं आणि कपाळ घासायला लागल्या. ते असं थोडंच निघतंय! कापसावर रिमूव्हर घेऊन मी अलगद पुसत गेले, एकेक हिरवा ठिपका वर येत गेला. आजींनी आरसा मागितला, ठिपके बोटानं मोजले आणि फोटोग्राफरला म्हणाल्या, "आता काढ फोटो."