स्तोत्र गायचंय? आधी नुसतं वाचा

एमएससीला इंग्लंडमध्ये होतो तेव्हा आमच्या भागातल्या अँग्लिकन चर्चच्या गायकवृंदाला टेनर, म्हणजे पुरुषांमधले वरच्या पट्टीचे आवाज, हवे होते. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, जेमतेम वाचता यायचं. धर्म कुणी विचारला नाही. पहिल्या तालमीला बायबलमधल्या स्तोत्राच्या चालीचा कागद बघून वाटलं, एवढंच? या छोट्या चालीला चँट म्हणतात; तीच वचनामागून वचनाला लावायची. सिंगल चँटमध्ये दहाच स्वर : वचनाच्या पूर्वार्धाला चार, उत्तरार्धाला सहा. डबल, म्हणजे दोन वचनांना मिळून एक चाल, असेल तर वीस.

फसलो तो इथेच. स्वर दहा, पण शब्द दर वचनाला वेगळे. ४२व्या स्तोत्राची सुरुवात घ्या. आमच्या पुस्तकातल्या खुणांप्रमाणे ‘लाइक ॲज द हार्ट डिझायरेथ द’ एवढं सगळं पहिल्याच स्वरावर म्हणायचं आणि ‘वॉ’, ‘टर’, ‘ब्रुक्स’ यांना उरलेले तीन. लहानपणी दिवेलागणीला आम्ही रामरक्षा कशी म्हणायचो? मधलं सगळं भराभर आणि शेवट लांबवून. मी तेच केलं. संचालिकाबाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि गाणं बंद करून वचन नुसतं वाचायला लावलं. ज्या वेगाने वाचलं, त्याच वेगाने गा, म्हणाल्या. तेव्हापासून नवं स्तोत्र आलं की मी बसमध्ये आधी पुटपुटतो. चाल शेवटी बघतो.

वचनाच्या मध्ये अपूर्णविराम असतो, तिथे सगळे थांबतात. पहिल्या रविवारी मी थांबलो नाही. रिकाम्या चर्चमध्ये एकट्याचा आवाज किती घुमतो, ते तेव्हा कळलं. शिसपेन्सिल जवळ ठेवा आणि तिथे मोठा गोल करा. वचनांची संख्या विषम असेल तर डबल चँटचा उत्तरार्ध कुठेतरी पुन्हा येतो. तेही लिहून ठेवा.

याच ४२व्या स्तोत्राला हर्बर्ट हॉवेल्स या इंग्लिश संगीतकाराने १९४१ साली स्वतंत्र संगीत दिलं. तिथे उलटा कारभार, मात्रा मोजल्याशिवाय सुटका नाही. पण सुरुवात टेनर आणि बास (खालच्या पट्टीचे पुरुष) एकाच सुरात करतात, त्यामुळे नवख्याला शेजाऱ्याच्या आवाजाला धरून चालता येतं. मी वर्षभर तेच केलं.

गायला उभं राहण्याआधी चार-पाच वेळा एखाद्या कॅथीड्रलमध्ये इव्हनसॉन्ग, म्हणजे गाऊन होणारी संध्याकाळची प्रार्थना, ऐकून या. तिकीट नसतं. जुन्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर वाटलेली आहेत, तेव्हा तारीख बघून जा. पंधरा तारखेच्या संध्याकाळी ७८वं असतं, त्याची वचनं ७३.