उभ्या स्पोर्ट्स कारची बॅटरी कोण पितंय, ते कसं शोधावं

गोव्यात महागडी दोन दारांची गाडी वर्षातून किती दिवस रस्त्यावर असते? मालक बोटीवर असतो, नाहीतर आखातात. आला तरी जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात खड्डे. चवथीला घरी येऊन कव्हर काढतो, बटण दाबतो आणि गाडी टक्-टक् करून गप्प होते. मग शेजारीपाजारी सल्ले सुरू. "नवीन बॅटरी घाल." "आठवड्यातून दहा मिनिटं चालू करून ठेव." दुसऱ्या सल्ल्याने माझं डोकं फिरतं. आठवडाभरात बॅटरीतून जे जातं, ते जागेवर उभ्या इंजिनाच्या दहा मिनिटांत धड भरूनही येत नाही. वर एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं ते वेगळंच.

नवी बॅटरी घालायच्या आधी आहे ती पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मल्टिमीटरवर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र) 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी ठीक आहे, गाडीच तिला पितेय. काही न जोडताही 12.2 वर आली तर बॅटरी संपली. बदला आणि पुढचं वाचू नका.

थोडं पिणं चालतंच. अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ यांना मिळून 0.05 अँपिअरपर्यंत लागतं. तेवढंही दिवसाला 1.2 अँपिअर-तास होतं, म्हणजे 60 अँपिअर-तासांची चांगली बॅटरीसुद्धा दीड-दोन महिन्यांत बसते. दोन महिने उभी राहून बसली तर दोष शोधू नका, चार्जर लावा. आठवड्यात बसत असेल तरच मल्टिमीटर पुन्हा काढा.

आता खरी कटकट. मी यात तीन संध्याकाळी घालवल्यात, म्हणून सविस्तर सांगतो.

आजकालची गाडी बंद केली म्हणजे लगेच झोपत नाही. तिचे कंट्रोल युनिट, म्हणजे आतले छोटे संगणक, एकेक करून झोपतात. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. तोवर मीटरवर दोन-तीन अँपिअरही दिसतील आणि तो आकडा खोटा असतो. वाईट म्हणजे मोजायला जाणारा माणूसच तिला पुन्हा जागं करतो: दार उघडलं, किल्ली खिशात राहिली, बॅटरीची वायर काढून परत लावली, की झालं. पहिल्या संध्याकाळी मी हे तिन्ही केलं.

म्हणून क्रम असा ठेवा. बॉनेट उघडा, दारंही उघडीच ठेवा आणि त्यांच्या कुलपाचा हुक स्क्रूड्रायव्हरने फिरवून 'बंद' करा. गाडीला वाटलं पाहिजे, सगळं बंद आहे. (काम झाल्यावर हँडल ओढून हुक मोकळा करायला विसरू नका. तसंच दार आपटलंत तर आवाज ऐकून जीव जाईल.) किल्ली घरात, फ्रिजवर वगैरे ठेवून या. मग एक जाड जंपर वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं त्याच्या केबलच्या क्लॅम्पला लावा आणि मगच दहाच्या पान्याने क्लॅम्प सोडवा. वीज तुटली नाही, गाडीला काही कळलं नाही. मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून त्याच दोन ठिकाणी जोडा आणि घरी जाऊन चहा प्या. पाऊण तासाने हळूच या, जंपर काढा, आकडा वाचा. मीटर मध्ये असताना इग्निशनला हात लावायचा नाही. मीटरचा फ्यूज तिथेच जातो.

आकडा 0.05 च्या आत असेल तर गाडीत दोष नाही, बॅटरीची केबल परत लावा. माझा 0.38 होता.

इथे सगळे सांगतात, एकेक फ्यूज उपटत जा. उपटू नका. फ्यूज परत बसवला की त्याच्यावरचं युनिट जागं होतं, आकडा उड्या मारतो आणि तुम्ही निरपराध रेडिओला फाशी देता. मी दिली. त्यापेक्षा जंपर परत लावा, मीटर काढा, त्याची लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला, मिलिव्होल्टवर करा आणि मीटरची दोन टोकं बसलेल्या फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या ठिपक्यांना टेकवा. शून्य असेल तर तिथून काही वाहत नाही. 10 अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर 0.1 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 13 मिलिअँपिअर (0.013 अँपिअर). लाल वायर अँपिअरमध्येच विसरून बॅटरीच्या दोन खांबांना टेकवली तर काय होतं, ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत करून घ्यायची गरज नाही.

माझ्याकडे सगळे फ्यूज शून्य आले. वेडच लागायचं बाकी होतं. मग सुचलं, जे बॅटरीवरून थेट गेलंय ते फ्यूज-पेटीत दिसणारच कसं? डिकीच्या गालिच्याखाली आधीच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर निघाला. त्याची चालू करायची वायर कायम पॉझिटिव्हला जोडलेली, रात्रंदिवस कोमट. तेव्हापासून मी आधी बॅटरीच्या खांबावरून किती वायरी निघतात ते मोजतो. ट्रॅकर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेला अलार्म हे नेहमीचे चोर.

दोषी सापडला की दुरुस्ती सोपी. वायर इग्निशनच्या फ्यूजवर न्या, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) बदला, टर्मिनलवरची हिरवट बुरशी घासून व्हॅसलिन लावा. आपल्या खाऱ्या हवेत ती दरवर्षी येते. छत उघडणारी गाडी असेल तर पाणी निघायची भोकं बघा. आंब्याच्या पानांनी ती तुंबली की पावसाचं पाणी सीटखालच्या युनिटमध्ये जातं आणि ते झोपेनासं होतं.

बॅटरी पूर्ण बसल्यावर बिनचौकटीच्या काचेचं दार जोरात ओढू नका. ती काच दार उघडताना थोडी खाली सरकते. वीज नसेल तर सरकत नाही. पुढच्या डिकीत बॅटरी असलेल्या पोर्श बॉक्स्टरच्या 987 मॉडेलमध्ये तर ती डिकीच विजेवर उघडते. त्यासाठी पायाशी असलेल्या फ्यूज-पेटीत बाहेर ओढता येणारं पॉझिटिव्ह टोक असतं. तिथे बाहेरची बॅटरी लावून डिकी उघडायची.

सगळं करून पुन्हा पाऊण तास थांबून मोजा. मग फ्लोट चार्जर (कायम लावून ठेवायचा, बॅटरी भरलेली राखणारा) घ्या, पण विकत घेताना एकच विचारा: लाईट जाऊन आली तर स्वतःहून परत सुरू होतो का? पावसाळ्यात लाईट जाणारच, आणि बरेच चार्जर नंतर लाल दिवा लावून चतुर्थीपर्यंत नुसते बसून राहतात.