इनेट, इन्हेरंट की काँजेनिटल? 'जन्मजात'साठी नेमका शब्द निवडताना

इनेट, इनबॉर्न, इन्हेरंट, इन्ट्रिन्झिक, काँजेनिटल, हेरिडिटरी. यांतला कुठलाही एक शब्द समानार्थी कोशात काढला, की उरलेल्यांपैकी दोन-तीन शेजारीच सापडतात. अनुवादाला किंवा इंग्रजीच्या परीक्षेला नव्यानं लागलेल्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. यादी पाठ करून तो सुटत नाही. आधी विचारा, हा गुण कोणाचा? तेवढ्यानंच बरेच पर्याय गळतात.

माणसाचा किंवा प्राण्याचा उपजत गुण असेल तर इनेट. याच्या मुळाशी 'जन्मणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे, त्यामुळे इनेट टॅलेंट, इनेट क्युरिऑसिटी, इनेट सेन्स ऑफ ऱ्हिदम या जोड्या सहज बसतात. योजना, यंत्र, व्यवसाय, करार यांना जन्म नसतो, तिथं इन्हेरंट. गुंतवणुकीतली जोखीम उपजत नसते, अंगभूत असते. शब्दकोश इनेटला निर्जीव गोष्टींसाठीही थोडी मोकळीक देतात, पण नवख्यानं ती घेऊ नये. ऑडिटमध्ये तर इन्हेरंट रिस्क ही ठरलेली संज्ञा आहे: अंतर्गत नियंत्रणं हिशेबात धरण्याआधी चूक असण्याची जी शक्यता असते ती. तिथं दुसरा शब्द घातला तर अर्थच बदलतो.

इन्हेरंट माणसाबद्दल वापरायचाच नाही, असं मात्र नाही. मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्याची सुरुवातच 'इन्हेरंट डिग्निटी'च्या उल्लेखानं होते. इथं मुद्दा जन्माचा नाही. प्रतिष्ठा माणसापासून वेगळी काढता येत नाही, हा आहे. शब्दाचं मूळही तेच सांगतं, लॅटिनमध्ये 'चिकटून असणे'. 'चिकटणे' या अर्थाच्या ॲडहिअरमध्येही तेच मूळ आहे. 'वारसा मिळणे' या अर्थाचा इन्हेरिट निराळ्या मुळातून आला आहे. स्पेलिंग सारखं दिसतं म्हणून इन्हेरंटचा अर्थ 'वारशानं आलेला' असा लावणं ही फार वेळा दिसणारी चूक.

इन्ट्रिन्झिक इन्हेरंटच्या अगदी जवळ बसतो. फरक ओळखायला विरुद्धार्थी शब्द पाहा. 'बाहेरून आलेलं, बाहेरच्या कारणानं' अशी दुसरी बाजू मनात असेल तर इन्ट्रिन्झिक, कारण त्याची जोडी एक्स्ट्रिन्झिकशी ठरलेली आहे. बक्षिसासाठी अभ्यास केला तर प्रेरणा एक्स्ट्रिन्झिक, विषयाच्या गोडीनं केला तर इन्ट्रिन्झिक. शब्दयोगीही वेगळे: इन्हेरंटनंतर 'इन', इन्ट्रिन्झिकनंतर बहुधा 'टू'. गाळलेल्या जागांच्या प्रश्नात नेमकं हेच विचारतात.

खरी कसोटी वैद्यकीय मजकुरात लागते. तिथं तीन शब्द तीन वेगळे प्रश्न विचारतात. काँजेनिटल: जन्माच्या वेळी होतं का? हेरिडिटरी: आईवडिलांकडून जनुकांवाटे आलं का? जेनेटिक: जनुकांत किंवा गुणसूत्रांत बदल आहे का? तिन्हींची उत्तरं एकच असतील असं नाही. गरोदरपणात आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध 1941 मध्ये दाखवला. हा मोतीबिंदू काँजेनिटल, पण हेरिडिटरी नाही. मेंदूच्या हंटिंग्टन आजाराचं उलट: सदोष जनुक वारशानं येतं, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत दिसू लागतात, म्हणून तो हेरिडिटरी आणि तरी काँजेनिटल म्हणत नाहीत. डाऊन सिंड्रोम जेनेटिक आहे, काँजेनिटलही आहे. पण बहुतेक वेळा 21 व्या गुणसूत्राची जादा प्रत पेशीविभाजनातल्या चुकीमुळे येते, वारशानं नाही. मराठीत सगळीकडे 'जन्मजात' किंवा 'आनुवंशिक' लिहून मोकळं होणारा अनुवादक इथं कुटुंबाला चुकीची माहिती देऊन बसतो.

इनबॉर्न अर्थानं इनेटसारखाच, थोडा घरगुती वळणाचा. 'इनबॉर्न एरर्स ऑफ मेटाबॉलिझम' (चयापचयातले जन्मजात दोष) ही मात्र इंग्लिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांच्या 1908 च्या व्याख्यानांपासून रूढ झालेली संज्ञा. तिथं इनेट चालत नाही. तसंच 'इनेट इम्युनिटी'तलं (उपजत रोगप्रतिकारशक्ती) इनेट बदलून इनबॉर्न करू नये. पारिभाषिक जोडीत समानार्थी शब्द हा पर्याय नसतोच.

इनग्रेन्डपासून जपा. खोलवर मुरलेली सवय, पूर्वग्रह यांसाठी तो वापरतात. मूळ कल्पना पक्क्या रंगाची. रंग नंतर चढवलेला असतो, म्हणून हा गुण मुरलेला असला तरी उपजत नाही. आणि 'काँजेनिटल लायर' म्हटलं की जन्मवेळेचा प्रश्नच उरत नाही, अर्थ सरळ 'अट्टल खोटारडा'. असा आलंकारिक वापर बहुधा दुर्गुणांसाठीच होतो. कौतुक करताना काँजेनिटल वापरला तर वाचणारा दचकेल.

नामांचं त्यामानानं सोपं आहे. ॲप्टिट्यूड म्हणजे शिकण्याची क्षमता, आज येतंच असं नाही. एबिलिटी म्हणजे आज करता येणं. फ्लेअरमध्ये ढब असते, नॅकमध्ये हातोटी, आणि नॅक सरावानंही येतो. चौघांपैकी ॲप्टिट्यूड, फ्लेअर, नॅक यांच्यानंतर 'फॉर' चालतो. एबिलिटीनंतर मात्र 'टू' आणि क्रियापद.

शब्दांच्या वह्या करणार असाल तर प्रत्येक शब्दासमोर मराठी अर्थ एकटा लिहू नका. तीन गोष्टी लिहा: पुढं येणारी दोन-तीन नामं, विरुद्धार्थी शब्द, शब्दयोगी. इनेट व काँजेनिटल दोन्हींसमोर 'ॲक्वायर्ड' येईल, पण नामं वेगळी पडतील, आणि फरक तिथंच कळेल. नामं मनानं जुळवू नका. कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश या प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या ऑनलाइन संग्रहात शब्द टाकून त्याच्या लगेच पुढं येणारी नामं वारंवारतेनुसार काढा आणि वरची दहा उतरवून घ्या.