मज्जातंतूंच्या वेदनेवर संशोधन करायचे असल्यास सुरुवात कोठून करावी

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला मज्जातंतूंचे विकार आणि त्यांतून उद्भवणारी वेदना यांवर पुढे संशोधन करायचे आहे, त्याने सुसज्ज प्रयोगशाळेची वाट पाहू नये; बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या मधुमेहींच्या तळपायांपासून सुरुवात करावी.

पहिले काम शब्द टिपण्याचे. ‘पाय दुखस’ एवढेच बोलून गप्प होणाऱ्या आजोबांजवळ जरा वेळ बसले, की तळपायांची आग, मुंग्या, रात्री वाढणारा ठणका, कापसावर चालल्याचा भास असे एकेक बाहेर पडू लागते. ते अहिराणीत असो वा पावरीत, जसेच्या तसे लिहावे. मज्जातंतुजन्य वेदना ओळखण्याच्या डीएन-४ प्रश्नावलीतही 10 पैकी 7 बाबी रुग्णाच्या सांगण्यावरच अवलंबून असतात. 4 किंवा अधिक गुण मिळाल्यास वेदनेचे मूळ मज्जातंतूत असण्याची शक्यता धरली जाते.

त्यानंतर 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा तंतू, हाती घ्यावा. तो आधी रुग्णाच्या हातावर टेकवून स्पर्श कसा असतो ते दाखवावे, मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या तळाशी व चवड्यावर तो वाकेपर्यंत एक-दोन सेकंद दाबावा. घट्टे टाळावेत, कारण तेथे निरोगी माणसालाही स्पर्श नीट कळत नाही. फक्त तंतू टेकवतानाच ‘आता कळलं का?’ असे विचारणे ही नवख्याची हमखास चूक होय. त्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते. अधूनमधून तंतू न टेकवताही विचारावे.

प्रश्न लहान निवडावा. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध वर्षानुवर्षे घेतल्याने ब-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. तेव्हा बधिरता मधुमेहाची की ब-12 ची, एवढा एकच प्रश्न एका विद्यार्थ्याला पुरेसा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या दोन महिन्यांच्या विद्यार्थी प्रकल्प योजनेत असा प्रश्न मांडता येतो. मात्र नैतिकता समितीची परवानगी पहिल्या रुग्णाच्या नोंदीआधी घ्यावी, कारण ती मागाहून मिळत नाही.

वेदनेची यंत्रणा समजून घ्यायला नंदुरबारची मिरची उत्तम आहे. तिच्यातील कॅप्सेसिन मज्जातंतूंवरील ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवते, तीच ग्राही सुमारे 43 अंशांपुढील उष्णतेनेही उघडते, म्हणून तिखटाने ‘आग’ होते. ती ग्राही 1997 साली शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह विभागून मिळाले. कॅप्सेसिनची 8 टक्क्यांची पट्टी आज मज्जातंतुजन्य वेदनेवर वापरली जाते.

पुढचा मार्ग लांब आहे: एमबीबीएसनंतर एमडीची तीन वर्षे, मग न्यूरॉलॉजीत डीएमची आणखी तीन. रुग्णसेवेपेक्षा रेणूंत रस असेल, तर पीएचडीचा रस्ता धरावा. टिपलेल्या शब्दांची वही दोन्हीकडे उपयोगी पडते.